घटक ५ : नड, उचल आणि रोख

५.१ प्रस्तावना

मागील घटकात आपण शेतीची कामे, अवजारे आणि हंगाम यांची शब्दसंपदा अभ्यासली. प्रस्तुत घटकात आपण शेतकऱ्याच्याच घरात राहणार आहोत. मात्र शिवारातून उंबरठ्याच्या आत येऊन त्या घरातील पैशाच्या व्यवहाराची भाषा पाहणार आहोत. त्यासाठी एक प्रश्न समोर ठेवू. पोटापुरती शेती करणाऱ्या कुटुंबाच्या हाती परतफेडीची अट न घालता थेट रोख रक्कम दिली, तर त्या कुटुंबाच्या जगण्यात नेमके काय बदलते?

हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, मराठीच्या अभ्यासक्रमात त्याचे काय काम, अशी शंका आपणांस येईल. तिचे उत्तर असे की, या प्रश्नाचा मोठा भाग आपल्या भाषेने फार पूर्वीच नोंदवून ठेवला आहे. ज्या समाजाने धान्य उसने देण्याच्या प्रत्येक प्रकाराला वेगळे नाव दिले, त्या समाजाला गरिबीचे दुखणे कोठे असते हे ठाऊक होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजही सातबारा असेल. पुढील विवेचन वाचताना आपल्या घरातील, गावातील शब्द मनात आणत राहावे.

५.२ वर्षाचा हिशेब आणि महिन्याचा हिशेब

जी शेती मुख्यतः घरच्या माणसांच्या पोटासाठी केली जाते, तिला निर्वाहशेती म्हणतात. पिकाचा बराच भाग घरीच खाल्ला जातो आणि उरलाच तर बाजारात जातो. अशा कुटुंबाला पैसा लागत नाही, हा मात्र शहरी गैरसमज होय. मीठ, तेल, औषधपाणी, वह्या-पुस्तके, एस.टी.चे भाडे, बियाणे, लग्नकार्य यांपैकी काहीच शेतात पिकत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या उतारावर दोन एकर कोरडवाहू जमीन असलेले पाच माणसांचे कुटुंब आहे. ज्वारी, मका, थोडी तूर, थोडा उडीद असे त्याचे पीक. धान्य ज्येष्ठापर्यंत कसेबसे पुरते. आषाढ लागतो, पेरणी तोंडावर येते आणि कणगी रिकामी होते. कामाला सर्वांत अधिक बळ लागते, नेमक्या त्याच दिवसांत घरात सर्वांत कमी अन्न असते. मग हे कुटुंब एखाद्या सधन शेतकऱ्याकडून एक क्विंटल ज्वारी दिढीने घेते, म्हणजे पीक आल्यावर दीड क्विंटल परत करण्याच्या बोलीने. आषाढात घेतलेले धान्य मार्गशीर्षात फेडले, तर पाच महिन्यांत शेकडा पन्नास व्याज झाले. वर्षाच्या दराने मांडल्यास ते शेकडा १२० होते. याच कुटुंबाच्या हाती आषाढात एक क्विंटल ज्वारीच्या किमतीएवढी रोख रक्कम असती, तर व्याजाचे पन्नास किलो धान्य घरी राहिले असते. माणशी दिवसाला अर्धा किलो धरले, तर पाच जणांचे ते वीस दिवसांचे अन्न होय.

धान्याचा तोटा दिसतो तरी. न दिसणारा तोटा याहून मोठा असू शकतो. पहिल्या पावसानंतर जमिनीत वाफसा येतो तो सर्वांच्या शेतात एकाच वेळी. ज्याचे धान्य खाल्ले त्याच्या शेतात आधी कामाला जावे लागते. स्वतःची पेरणी चार-आठ दिवस लांबते आणि कोरडवाहू शेतीत चार-आठ दिवस पुष्कळ असतात. सुगीतही तेच घडते. देणे फेडण्यासाठी भाव पडलेले असतानाच माल विकावा लागतो आणि तेच धान्य पावसाळ्यात चढ्या भावाने विकत घ्यावे लागते.

वर्षाचा एकूण जमाखर्च मांडला तर या कुटुंबाचे दारिद्र्य पुरते समजत नाही. ते समजण्यासाठी कोणत्या महिन्यात हात रिकामा होता, हे पाहावे लागते. रोख साहाय्याचा परिणामही याच ठिकाणी शोधला पाहिजे.

५.३ नडीची शब्दसंपदा

'नड' हा मराठीतील अत्यंत अर्थपूर्ण शब्द आहे. 'गरज' कायमची असू शकते. 'नड' मात्र वेळेशी बांधलेली असते. 'नडीला धावून येणे' या प्रयोगात ही वेळच महत्त्वाची आहे. नड निघून गेल्यावर केलेल्या मदतीला कोणी 'धावून येणे' म्हणत नाही. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' ही म्हण आपण व्यवहारचातुर्याची म्हणून शिकवतो. तिच्यातील 'अडला' या कृदंताकडे मात्र आपले लक्ष जात नाही. अडलेल्या माणसाला सौदा नाकारता येत नाही, एवढेच ती म्हण सांगते.

आता देण्याघेण्याचे शब्द पाहा. 'उसने' हे बरोबरीच्या नात्यातले. वाटीभर साखर घेतली, वाटीभर परत केली. 'सवाई'त पाव हिस्सा वाढतो, 'दिढी'त निम्मा. 'गहाण' ठेवण्यासाठी वस्तू किंवा जमीन लागते. जिच्याकडे तीही नाही अशा माणसाकडे स्वतःचे श्रम उरतात आणि तेथून 'उचल' सुरू होते. काम होण्यापूर्वी मजुरीपोटी घेतलेली रक्कम म्हणजे उचल. ऊसतोडीचा मुकादम हंगामाआधी ती देतो आणि पती-पत्नींची जोडी मिळून 'एक कोयता' म्हणून मोजली जाते. दोन माणसांची ओळख एका अवजारात मिटवणारा हा शब्दप्रयोग भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. 'सालदार' किंवा 'सालगडी' या शब्दात तर माणसाचे संपूर्ण सालच दुसऱ्याच्या नावे लागलेले असते.

राजसत्तेने दिलेल्या पैशासाठी मराठीत जुना शब्द आहे तो 'तगाई'. बी-बियाणे, बैल, विहीर यांसाठी रयतेला मिळणारी ही आगाऊ रक्कम. इंग्रजी अमलात १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी हीच प्रथा सरकारी कर्ज म्हणून चालू राहिली. हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आला आणि त्याच्या मुळाशी 'बळ देणे' हा अर्थ आहे. आपण नेहमी वापरतो तो 'कुवत' हा शब्दही त्याच धातूचा. तगाई आणि कुवत ही अशी सख्खी भावंडे आहेत. तगाई प्रत्यक्षात अनेकदा अपुरी पडे, उशिरा येई आणि ती फेडावीही लागे, हे खरे. तथापि शब्दाने जपलेली कल्पना मोलाची आहे. याच्या उलट 'खैरात'. मुळात चांगुलपणा, दानधर्म अशा अर्थाचा हा शब्द आजच्या राजकीय मराठीत हिणवण्यापुरता उरला आहे. एकाच रकमेला एक जण तगाई म्हणेल, दुसरा खैरात. वाद अनेकदा रकमेचा नसून शब्दाचा असतो.

५.४ मध्य प्रदेशातील एक प्रयोग

या प्रश्नाची प्रत्यक्ष चाचणी आपल्या शेजारच्या राज्यातच झाली. २०११ ते २०१२ या काळात 'सेवा' या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने इंदूर परिसरातील आठ गावांत प्रत्येक रहिवाशाला दरमहा रोख रक्कम दिली. प्रौढास २०० रुपये आणि मुलामागे १०० रुपये. पुढे ही रक्कम अनुक्रमे ३०० आणि १५० करण्यात आली. मुलांचे पैसे आईकडे दिले जात. पैसे कशावर खर्च करावे यावर कोणतेही बंधन नव्हते. तुलनेसाठी, ज्यांना रक्कम दिली गेली नाही अशा गावांचीही पाहणी करण्यात आली. याखेरीज भिल्ल वस्तीच्या एका गावात एक वर्षभर प्रौढास ३०० आणि मुलामागे १५० रुपये देण्यात आले. दोन प्रौढ व तीन मुले असलेल्या घरात महिन्याला १०५० रुपये येऊ लागले. त्या काळातही ही रक्कम मोठी नव्हती.

रोख रकमेविरुद्ध नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की लोक काम सोडतील आणि पैसा दारूत जाईल. दारूवरील खर्च वाढल्याचे या पाहणीत आढळले नाही. कामाविषयीचा निष्कर्ष अधिक बोलका आहे. आदिवासी गावात मोलमजुरीकडून स्वतःच्या शेताकडे वळण्याचा कल ठळकपणे दिसून आला. बियाणे, खते आणि जनावरे यांवर पैसा खर्च झाला. आहारात डाळी-भाज्यांचे प्रमाण वाढले. कर्जाचा भार काही अंशी हलका झाला.

'काम सोडणे' आणि 'दुसऱ्याचे काम सोडणे' यांतील फरक येथे लक्षात घ्यावा. वाफसा आला त्या दिवशी भिल्ल शेतकरी मजुरीला न जाता स्वतःच्या शेतात गेला, तर मजूर मिळत नाही अशी जमीनदाराची तक्रार येणारच. ती तक्रार खरीही असेल. परंतु 'लोक आळशी झाले' हे तिचे भाषांतर मात्र चुकीचे होय. मजुराच्या कामाची मोजदाद आपण परक्याच्या बांधावर उभे राहून करतो, म्हणून स्वतःच्या शेतातील श्रम आपल्याला कामच वाटत नाहीत. ही सवय भाषेतही उतरली आहे. 'कामाला जाणे' म्हणजे मराठीत बहुधा दुसऱ्याकडे जाणे.

५.५ केनियातील पत्र्याचे छप्पर

दुसरे उदाहरण दूरच्या देशाचे आहे. केनियाच्या पश्चिमेस, व्हिक्टोरिया सरोवराजवळ सियाया हा परगणा आहे. तेथील बहुसंख्य लोक लुओ समाजाचे. लहान तुकड्यांवर मका पिकवावा, थोडी जनावरे पाळावी, असा त्यांचा जीवनक्रम. गिव्ह डायरेक्टली या संस्थेने येथील गरीब कुटुंबांना थेट रोख रकमा दिल्या. गरीब कोण, हे ठरवण्याची खूण साधी होती : ज्या घराचे छप्पर गवताचे ते घर पात्र.

रक्कम मोबाइल फोनवरून पाठविली जाई. केनियात २००७ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचे नाव 'एम-पेसा'. स्वाहिली भाषेतील 'पेसा' म्हणजे पैसा. हिंदी महासागरातील व्यापाराबरोबर हा शब्द आपल्याकडून तिकडे गेला असे सामान्यतः मानले जाते. शेजारच्या तत्कालीन जर्मन पूर्व आफ्रिकेत १९०४ पर्यंत एका 'रुपी'चे ६४ 'पेसा' होत, अगदी आपल्या जुन्या रुपयाप्रमाणे. विषयांतर झाले खरे. पण आपल्या तोंडचा शब्द असा परक्या दारी भेटतो तेव्हा क्षणभर थांबावेसे वाटते.

जोहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शपिरो यांनी २०११ ते २०१३ या काळातील वाटपाचा अभ्यास करून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणाला रक्कम मिळावी, लहान की मोठी, दरमहा की एकदम, पत्नीकडे की पतीकडे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने ठरविले होते. त्यामुळे तुलना विश्वसनीय झाली. रक्कम मिळालेल्या घरांत अन्नावरचा खर्च वाढला, दारू-तंबाखूवरचा वाढला नाही. जनावरे आली. आणि अनेकांनी सर्वप्रथम घरावर पत्रे घातले. तेथे या पत्र्यांना 'मबाती' म्हणतात.

पोट अर्धे असताना छपरावर खर्च कशासाठी, असे आपणांस वाटेल. उत्तर पुन्हा हिशेबातच आहे. गवताचे छप्पर वर्षा-दोन वर्षांनी शाकारावे लागते; त्यासाठी गवत, श्रम आणि पैसा दर खेपेस लागतो. पत्रा एकदाच घालावा लागतो. आपल्याकडेही कुडाच्या घरात राहिलेल्या माणसाला शाकारणीचे दिवस आठवत असतील. एकगठ्ठा रक्कम हाती आल्याशिवाय हा सौदा करता येत नाही आणि गरीब माणूस वर्षानुवर्षे महागडे गवत घालत राहतो. त्याच अभ्यासात असेही दिसले की दरमहा रक्कम मिळालेल्या घरांत अन्नाची शाश्वती अधिक वाढली, तर एकदम रक्कम मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू अधिक घेतल्या. पैसा कधी आणि किती भागांत मिळतो, यावर त्याचे काम ठरते. पत्नीला दिले की पतीला, याने मात्र बहुतेक बाबतींत मोठा फरक पडला नाही. हा निष्कर्ष आपल्या अपेक्षेविरुद्ध जाणारा असल्याने मुद्दाम नोंदवावा लागतो.

पुढे सियायातच ६५३ गावांत सुमारे १००० डॉलरप्रमाणे १०,५०० हून अधिक कुटुंबांना रकमा देऊन अधिक मोठा अभ्यास करण्यात आला. ज्यांना पैसे मिळाले नाहीत अशा शेजाऱ्यांचे उत्पन्न आणि खर्चही वाढले, आणि भाववाढ नगण्य राहिली. याचे कारण उघड आहे : सुतार, पिठाची गिरणी, मासेविक्रेती, दुकानदार यांच्याकडेच तो पैसा पोहोचला.

या प्रयोगांची मर्यादाही सांगितली पाहिजे. पहिल्या अभ्यासातील कुटुंबांची तीन वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा मालमत्तेतील वाढ टिकलेली होती. इतर लाभ कितपत टिकले यावर अभ्यासकांत मतभेद झाले. शिवाय रोख रक्कम पाटाचे पाणी आणीत नाही, शाळेत शिक्षक नेमत नाही, दवाखाना बांधत नाही. ही कामे सोडून देण्यासाठी कोणी रोख साहाय्याचा आधार घेत असेल, तर तो युक्तिवाद अप्रामाणिक समजावा.

५.६ महाराष्ट्र : खावटीपासून खात्यापर्यंत

आपल्या राज्यात या विषयाचे सर्वांत उद्‌बोधक उदाहरण खावटीचे आहे. 'खावटी' म्हणजे खाण्यापुरते धान्य किंवा त्यासाठीचा खर्च. पावसाळ्यातील उपासमार आणि सावकारी टळावी म्हणून १९७८ पासून आदिवासी कुटुंबांसाठी खावटी कर्ज योजना राबविण्यात आली. २०२० मध्ये तिचे रूप बदलले आणि खावटी 'कर्जा'ऐवजी 'अनुदान' झाली : कुटुंबामागे ४००० रुपये, त्यांपैकी २००० रोख आणि २००० रुपयांच्या वस्तू, म्हणजे कडधान्ये, डाळी, तेल, साखर, मीठ, चहापूड इत्यादी. या अर्ध्या-अर्ध्या वाटणीत संपूर्ण वाद सामावला आहे. निम्म्या रकमेबाबत शासनाने कुटुंबाच्या निर्णयावर विश्वास ठेवला, निम्म्या रकमेबाबत नाही. दूरच्या बाजारपेठेत भाव चढलेले असताना वस्तूंचे मोल असते, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही ज्या घरात डाळ आहे आणि बियाणे नाही, त्या घराला डाळ पेरता येत नाही.

पीएम-किसान योजनेची सुरुवात फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली. वर्षाला ६००० रुपये, प्रत्येकी २००० रुपयांच्या तीन हप्त्यांत. २०२३ मध्ये राज्याने तेवढीच भर घातली. या रकमा जमिनीच्या मालकीशी जोडलेल्या असल्याने वाटेकरी, बटाईदार आणि नावावर जमीन नसलेली शेतकरी स्त्री त्यांपासून दूर राहते. शेत कसणारा आणि सातबाऱ्यावर नाव असणारा हे दोघेही मराठीत 'शेतकरी'च. योजनेच्या भाषेत मात्र दुसराच तेवढा शेतकरी ठरतो. २०२४ मध्ये सुरू झालेली दरमहा १५०० रुपयांची योजना स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात रक्कम देते. घरातील मीठ-मिरचीसाठी मागावे लागणे आणि न मागता घेता येणे यांतील अंतर कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

वेळेचा मुद्दा येथेही लागू होतो. मृगाच्या आधी मिळालेले २००० रुपये बियाण्याची पिशवी उधारीवाचून आणू शकतात. तेच २००० रुपये श्रावणात आले, तर ती उधारी व्याजासह फेडण्यात जातात. सरकारी हिशेबात दोन्हींची नोंद सारखीच होते.

शेवटी दोन भाषिक निरीक्षणे. शासकीय मराठी म्हणते, 'लाभार्थ्यांना लाभ देण्यात आला.' या कर्मणी रचनेत देणारा अदृश्य होतो आणि घेणाऱ्याला 'लाभाची इच्छा धरणारा' एवढीच ओळख उरते; तो काय करतो, हे वाक्य विचारत नाही. गावातील माणूस म्हणतो, 'खात्यात दोन हजार पडले.' 'पडणे' हे अकर्मक क्रियापद आहे. पाऊस पडतो तसे पैसे पडतात. ते केव्हा पडतील याचा भरवसा नसतो आणि वाट पाहण्यावाचून हाती काही नसते. हे क्रियापद गावाने अचूक निवडले आहे. पगारदार माणूस मात्र 'पगार झाला' असे म्हणतो, तारीख ठाऊक असल्याप्रमाणे.

५.७ स्वाध्याय

१. आपल्या परिसरात धान्य, पैसा किंवा श्रम उसने देण्या-घेण्यासाठी वापरले जाणारे किमान दहा शब्द वडीलधाऱ्यांना विचारून जमवा. प्रत्येक शब्दात परतफेड कशाने आणि केव्हा करायची असते, ते लिहा.

२. 'मला पैशाची नड आहे', 'मला पैसे लागतात', 'मी पैसे बाजूला ठेवले' या तीन वाक्यांतील कर्त्याचे रूप व विभक्ती तपासा. पहिल्या दोन वाक्यांत 'मला' आणि तिसऱ्यात 'मी' का येते, याचे व्याकरणिक व व्यावहारिक विवेचन करा.

३. कोणत्याही शासकीय योजनेच्या मराठी माहितीपत्रकातील एक परिच्छेद निवडा आणि शेतकरी कुटुंब कर्तास्थानी येईल अशा रीतीने त्याचे पुनर्लेखन करा.

४. आपल्या किंवा परिचयातील एका शेतकरी कुटुंबात वर्षाच्या कोणत्या महिन्यांत पैसा येतो आणि कोणत्या महिन्यांत जातो, याचा बारा महिन्यांचा तक्ता त्यांच्या संमतीने, नावे न देता तयार करा. त्या कुटुंबास वर्षातून एकदाच ६००० रुपये मिळणार असतील, तर ते कोणत्या महिन्यात मिळावेत, हे घरातील पुरुषास आणि स्त्रीस स्वतंत्रपणे विचारा व दोन्ही उत्तरे त्यांच्याच शब्दांत नोंदवा.